चालू म्हणजे बंद

माणसाला अधिकार मिळू नये असं माझं म्हणणं नाही, पण तो पन्नाशीनंतर अचानक मिळू नये. सवय नसते. आमच्या ऑफिसात तक्रारी नोंदवायची एक संगणकी व्यवस्था आहे. कुणाचा पंखा फिरत नाही, कुणाचा प्रिंटर कागद खातो, सगळं त्यात लिहायचं, मग ज्याचं काम असेल तो ते करतो आणि तक्रार मिटवतो. प्रत्येकाला त्यात आपापल्या पायरीप्रमाणे अधिकार दिलेले असतात. माझ्या नावापुढे गेली चौदा वर्षं 'फक्त पाहणे' असं लिहिलेलं आहे. माझ्यासमोर नोकरीला लागलेली माणसं 'मंजुरी देणे'पर्यंत पोचली. मी पाहतोय. घरी टीव्हीच्या रिमोटच्या बाबतीतही माझी हीच श्रेणी आहे, पण तो विषय वेगळा.

आमच्या इमारतीत फाटकाशी एक तक्रारवही होती. तिला दोरीनं पेन बांधलेलं असायचं. पेन जायचं, दोरी राहायची. वहीत तक्रारींपेक्षा तक्रारींवरच्या तक्रारी जास्त. 'जिन्यातला दीवा गेला आहे.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'माहीत आहे.' त्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'मग बसवा.' आणि सगळ्यात खाली लाल शाईत 'दिवा' शब्द ऱ्हस्व करून दाखवलेला. हे काम आमच्या अध्यक्षांचं. ते निवृत्त हेडमास्तर आहेत आणि अख्खी इमारत त्यांना हेडमास्तरच म्हणते. दिवा मात्र कुणी बसवला नाही.

इमारतीच्या सभेत या वहीचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहिलो. बोलायला नव्हे, पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून. पण हेडमास्तर म्हणाले, "हां, बोला." आता उभं राहून काहीच न बोलता बसणं बरं दिसत नाही. म्हणून मी म्हणालो, "वहीऐवजी आपण ऑफिसातल्यासारखी व्यवस्था का करू नये? प्रत्येकाच्या फोनवर." सभेत शांतता पसरली. आमच्या सभेत शांतता पसरली की कुणाच्या तरी गळ्यात काम पडतं. पुढच्या मिनिटाला मी प्रशासक झालो होतो.

प्रशासक! शब्द बघा. त्या संध्याकाळी मी सहा मजले लिफ्टनं न जाता जिन्यानं चढलो, वाटेत कुणी तरी भेटेल म्हणून. कुणी भेटलं नाही.

छोट्या संस्थांसाठी असते तशी एक व्यवस्था मी फोनवर उतरवून घेतली. ती परक्या भाषेत होती. मी मनावर घेऊन तिचं मराठी केलं. रविवार घातला त्यात. जी तक्रार अजून सुटायची आहे तिच्यापुढे 'चालू', जी सुटली तिच्यापुढे 'बंद'. सुटसुटीत, दोन दोन अक्षरी शब्द. मग माणसांच्या चार पायऱ्या केल्या. पहिला 'पाहणारा', तो नुसतं वाचू शकतो. दुसरा 'सांगणारा', तो तक्रार लिहू शकतो. तिसरा 'बंद करणारा', म्हणजे नळवाला, लिफ्टचा मेकॅनिक, जो काम करून तक्रार बंद करतो. आणि चौथा प्रशासक, म्हणजे अस्मादिक. शेवटी मी एक नियम ठळक अक्षरांत छापून फाटकावर लावला: 'नोंद असल्याशिवाय कोणतेही काम होणार नाही. तोंडी सांगितलेले ग्राह्य धरले जाणार नाही.' हा नियम मी इतक्या कडकपणे पाळला, की पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी तोंडी निरोपावरून लिफ्टची मोटार बघायला आलेल्या मेकॅनिकला मी स्वतः फाटकातून परत पाठवलं.

आता मला वाटलं होतं, लोक आभार मानतील. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर सकाळी सातला दारात.

"मी पाहणारा?" ते म्हणाले. "म्हणजे बघ्या? रस्त्यात दोन गाड्या आपटल्या की गोळा होतात ते बघे! मी शिकलेला माणूस आहे."

"डॉक्टर, तुम्ही कधी वहीत लिहिलं नाहीत म्हणून..."

"लिहिलं नाही, कारण माझी तक्रार नव्हती. आता आहे."

त्यांना 'सांगणारा' केलं. ते कळल्यावर बाकीचे सगळे पाहणारे चिडले. चौथ्या मजल्यावरच्या वकीलबाई मुळात 'सांगणाऱ्या' होत्या, पण त्यांनी वेगळाच मुद्दा काढला.

"अधिकार वाटायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"सभेनं."

"लेखी?"

"नाही, तोंडी."

"मग तुमच्याच नियमाप्रमाणे तो ग्राह्य नाही," असं म्हणून त्या लिफ्टमध्ये शिरल्या. 

हेडमास्तरांना मी मुद्दाम 'बंद करणारा' केलं होतं, शेवटचा शब्द त्यांचा असावा म्हणून. त्यांना ते आवडलं. मग त्यांनी यादी वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं की त्याच पायरीवर नळवालाही आहे. "म्हणजे मी आणि नळवाला एका ओळीत?" नळवाल्यालाही ते लागलं. तो म्हणाला, "साहेब, मी काम करतो. ते काय करतात?"

आणि घरी. बायकोला मी प्रेमानं 'सांगणारी' ही पायरी दिली होती. तिनं फोनवर ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचलं.

"मला काही सांगायचं असेल तर आता तुमची परवानगी लागणार?"

"अगं, ती फक्त इमारतीपुरती..."

पुढचे तीन दिवस तिला मला जे सांगायचं होतं ते तिनं भिंतीला सांगितलं. भिंतीला, पण मला ऐकू येईल असं.

या सगळ्यात घरात एकच माणूस माझ्यावर खूश होतं, ते म्हणजे सासूबाई. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. सहा आठवड्यांपूर्वी माळ्यावरचं काहीतरी काढायला स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. तेव्हापासून आमच्या सहाव्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, माझ्या आरामखुर्चीत त्यांचा मुक्काम होता. प्लास्टरच्या आत खाज सुटली की त्या विणायची लांब सुई आत घालून डोळे मिटून घ्यायच्या. जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं नोकरी झालेली बाई. बोलणं थोडं, अक्षर मोत्यासारखं, आणि एकतीस वर्षांत एकही खोटी नोंद हातून झाली नाही हे त्या सांगायच्या तेव्हा पाठ ताठ व्हायची.

प्लास्टर शनिवारी सकाळी अकराला काढायचं ठरलं होतं. त्यानंतर ते हाडांचे डॉक्टर महिनाभर बाहेर जाणार होते. आणि इथेच खरी मेख होती. बायकोचं म्हणणं पडलं होतं, की आईनं आता एकटं राहू नये. "अजून महिनाभर प्लास्टर राहिलं ना, तर मी तुझ्या त्या खोल्या आवरून कुलूपच लावणार आहे बघ. बास झालं एकटं राहणं," असं ती म्हणाली होती. सासूबाईंची छोटी कापडी पिशवी मात्र आदल्या रविवारपासूनच भरून खुर्चीच्या पायाशी ठेवलेली होती. ती मी पाहिली होती. मला त्यांना जाऊ द्यायचं होतं. आरामखुर्चीसाठी नव्हे हो. बरं, थोडं आरामखुर्चीसाठीही.

आणि त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी लिफ्ट बंद पडली.

मी प्रशासक! मिनिटाच्या आत नोंद केली: 'लिफ्ट बंद.' व्यवस्थेनं आपणहून त्यापुढे लिहिलं, 'चालू'. म्हणजे अख्ख्या इमारतीच्या फोनवर आलं, 'लिफ्ट बंद – चालू'. बारा माणसांनी खाली उभं राहून ते वाचलं. काही जण बटण दाबून थांबले. डॉक्टर म्हणाले, "अर्धवट चालू असेल. तिसऱ्यापर्यंत." हेडमास्तर म्हणाले, "वाक्यात विरोध आहे." मी समजावून सांगेपर्यंत कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं, कारण ते जिना चढत होते.

गुरुवारी दुपारपर्यंत मेकॅनिकचा पत्ता नाही. मी फोन केला.

"साहेब, तुमच्या यादीत लिफ्ट चालू दाखवतंय," तो म्हणाला.

"ती तक्रार चालू आहे. लिफ्ट बंद आहे."

"मग तक्रार बंद करा ना."

"लिफ्ट चालू झाल्याशिवाय कशी बंद करू?"

"मग काय चालू करू?"

"लिफ्ट!"

"ती चालूच दाखवतंय, साहेब."

मी डोळे मिटले. दहा मोजले. मग शांतपणे, पहिल्यापासून, लहान लहान वाक्यांत सांगितलं. अर्धा तास लागला. मेकॅनिक माझ्याच वयाचा, वीस वर्षं लिफ्टची कामं करणारा प्रामाणिक माणूस. त्यानं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि स्वतः तीनदा म्हणून दाखवलं: "यादीत चालू, म्हणजे लिफ्ट बंद. यादीत बंद, म्हणजे लिफ्ट चालू." म्हणाला, "आता डोक्यात बसलं. उद्या दहाला येतो." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात कुणाला तरी काही तरी शिकवलं.

त्याच संध्याकाळी जिन्यात सभा भरली. बोलावली कुणी नव्हती. वर चढणारी माणसं दमून पायऱ्यांवर बसली, मागून येणारी त्यांच्यामागे अडकली आणि सभा झाली. विषय अर्थातच अधिकार. पाहणाऱ्यांना सांगायचं होतं. सांगणाऱ्यांना बंद करायचं होतं. हेडमास्तरांना नळवाल्याच्या वर अर्धी तरी पायरी हवी होती. प्रत्यक्षात ते तेव्हा त्याच्या तीन पायऱ्या वर बसले होते, पण ते चालत नाही म्हणाले. शेवटी वकीलबाई म्हणाल्या, "सरळ आहे. रविवारच्या सभेपर्यंत सगळे समान. कुणालाही जास्त नको." टाळ्या पडल्या. मी तिथेच, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, फोन काढला. यादीत 'सर्व रहिवासी' हा पर्याय होता. त्यावर बोट ठेवलं, 'पाहणारा' निवडलं आणि 'लागू करा' दाबलं. तंटा मिटला. लोक उठले. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

मीही रहिवासी आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी दहा वाजले, साडेदहा वाजले. मी रजा काढून फाटकात उभा. फोन केला.

"साहेब, तुमच्याकडेच निघालो होतो," मेकॅनिक आनंदानं म्हणाला. "निघताना यादी बघितली, तर बंद झालंय. यादीत बंद, म्हणजे लिफ्ट चालू. बरोबर ना?"

"बरोबर!" मी म्हणालो. शिकवलेलं कुणी अचूक म्हणून दाखवलं की तोंडातून निघतंच. मग भानावर आलो. "अहो, पण लिफ्ट बंद आहे!"

"तेच म्हणतोय मी. बंद. म्हणजे चालू."

"नाही हो! खरोखरची बंद आहे! तुम्ही या."

इथे त्याचा आवाज बदलला. "साहेब, यादीत काम नसेल तर मी येणार नाही. मागच्या वेळी तोंडी निरोपावर आलो, तर तुम्हीच मला फाटकातून घालवलंत. चार माणसांसमोर. ठळक अक्षरात लिहिलंय म्हणालात." माझ्याच पाठीमागे तो कागद फाटकावर फडफडत होता. "दुपारपर्यंत यादीत आलं तर येतो," तो म्हणाला. "उद्या मी दुसऱ्या गावाला आहे."

मी तक्रार परत चालू करायला गेलो. फोनवर आलं, 'तुम्हाला हा अधिकार नाही.' नवी तक्रार लिहायला गेलो. 'तुम्हाला हा अधिकार नाही.' माझ्या नावापुढे बघितलं, तर 'पाहणारा'. चौदा वर्षं ऑफिसात जे वाचत आलो तेच, आणि या वेळी स्वतःच्या हातानं लिहिलेलं!

व्यवस्था चालवणाऱ्यांना मदत मागितली. उत्तर लगेच आलं: 'अधिकारांबाबत आपल्या संस्थेच्या प्रशासकाशी संपर्क साधावा.' मी लिहिलं, 'मीच प्रशासक होतो.' उत्तर: 'आपली विनंती प्रशासकाकडे मंजुरीसाठी पाठवली आहे. सध्याचे प्रशासक: एक.'

एक? मी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलो. परत वाचलं. एक! कोण? यादी खाली खाली सरकवत नेली. सगळे रहिवासी पाहणारे. शेवटी 'पाहुणे' असा एक वेगळा गट होता आणि त्यात एकच नाव. प्रशासक: सासूबाई.

मग सगळं आठवलं. पहिल्या दिवशी सगळं नीट चालतंय का ते बघायला दुसरा फोन हवा होता. त्यांचा फोन खुर्चीच्या हातावर होता. त्यांना पाहुण्यांत घालून, सगळे अधिकार देऊन बघितलं, चाललं, आणि काढून घ्यायचं राहून गेलं. सहा मजले मी जे चढलो ते या वयात चढू नयेत इतक्या वेगानं चढलो.

सासूबाई खिडकीत बसून फोन वाचत होत्या. सुई प्लास्टरमध्ये होती.

"आई," मी धापा टाकत म्हणालो, "लिफ्टच्या तक्रारीला... तुम्ही हात लावलात?"

"दुरुस्त केली," त्या शांतपणे म्हणाल्या. "लिफ्ट बंद आहे आणि पुढे लिहिलंय चालू. सकाळी उठल्यावर आधी ते बंद केलं. चुकीची नोंद डोळ्यांदेखत कशी राहू द्यायची?"

"आणखी कशाला हात लावलात?"

"एकोणीस होत्या. अकरा निकाली काढल्या. शेरे मारलेत, वाचा."

मी वाचले. 'पाचव्या मजल्यावरील कुत्रा भुंकतो.' शेरा: 'कुत्रा आहे.' 'वरच्यांच्या घरात सकाळी खुर्च्या सरकतात.' शेरा: 'ते जिवंत असल्याचे लक्षण समजावे.' हेडमास्तरांची एक होती, सूचनाफलकावर अनुस्वार राहिल्याची. शेरा: 'अर्जदाराने स्वतः द्यावा.' इतके दिवस लोक मला जिन्यात भेटून, "तुमचे शेरे मात्र झकास हो," असं का म्हणत होते ते आत्ता कळलं. मला वाटलं होतं माझ्या ठळक नियमाबद्दल म्हणतायत.

मी त्यांना सगळं सांगितलं. 'चालू' म्हणजे तक्रार चालू, लिफ्ट नव्हे. तेवढं परत 'चालू' करा, मेकॅनिक येईल, लिफ्ट सुरू होईल, उद्या अकराला प्लास्टर निघेल. एक बोट लावायचं काम.

त्यांनी फोन हातात घेतला. बोट वर नेलं. आणि थांबल्या.

"बंद लिफ्टपुढे मी चालू लिहू?"

"आई, तो नुसता शब्द आहे."

"तारीखसुद्धा नुसता आकडाच असते, जावईबापू. एक आकडा बदला म्हणून लोक माझ्या टेबलापाशी रडलेत. कुणासाठी बदलला नाही. आता स्वतःच्या पायासाठी बदलू?"

तेवढ्यात शेजारपाजार दारात जमला. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली न्यावं. हेडमास्तरांनी बोटांवर हिशेब करून सांगितलं, की वळणं बारा आहेत आणि प्रत्येक वळणावर पाय आधी की डोकं आधी हे ठरवावं लागेल. डॉक्टरांकडे दोरही होता. कशाला होता, ते मी विचारलं नाही.

"मी काय कपाट आहे?" सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून फक्त मला म्हणाल्या, "खुर्चीतून गेले तर मुलगी म्हणेल, बघा, आईला उचलून न्यावं लागतं. ती कसली एकटी राहते."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं आईकडे बघितलं, फोनकडे बघितलं.

"राहू दे गं आई. एवढं काय त्यात? नाही गेलीस उद्या तर नाही गेलीस. इथेच राहा ना आता कायमची."

ती अगदी मायेनं म्हणाली, यात शंका नाही. पण सासूबाईंचा चेहरा बघवेना. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी हातानं थोडी आत, खुर्चीखाली ढकलली. बस, एवढंच. मला भयंकर वाईट वाटलं. ज्या बाईनं हजारो माणसांच्या जन्माची नोंद खरी ठेवली, तिच्या वाटेत माझे दोन दोन अक्षरी शब्द आडवे आले होते.

"चुकलं माझं," मी म्हणालो. सगळ्यांसमोर. हेडमास्तर होते, वकीलबाई होत्या. "शब्दच चुकलेत. लिफ्ट, पंखा, दिवा, सगळं चालू असतं नाहीतर बंद असतं. तक्रारीला तेच शब्द ठेवणारा मी गाढव आहे."

सासूबाईंनी मान वर केली. "हे शब्द तुम्ही ठेवलेत?"

"मीच."

"मग बदला की."

"मला अधिकार नाही."

"मला आहे?"

मी म्हणालो, "या इमारतीत फक्त तुम्हालाच आहे."

त्यांनी सुई प्लास्टरमधून बाहेर काढून बाजूला ठेवली, म्हणजे काम गंभीर होतं. "आमच्या कचेरीत दोन गठ्ठे असायचे," त्या म्हणाल्या. "एकावर लिहिलेलं राहिलंय, दुसऱ्यावर झालंय. एकतीस वर्षांत शिपायालासुद्धा कधी विचारावं लागलं नाही." मी कुठे बोट लावायचं ते दाखवलं, त्यांनी एकेक अक्षर सावकाश टिपलं. हेडमास्तर मागून वाकून बघत होते. 'राहिलंय' अशा बोलीतल्या शब्दाला ते हरकत घेणार असं मला वाटलं. ते खाकरले, आणि म्हणाले, "अनुस्वार आहे. ठीक आहे."

अख्ख्या इमारतीच्या फोनवर टुणकन वाजलं: 'लिफ्ट बंद – राहिलंय.'

मेकॅनिक चाळीस मिनिटांत हजर. यादी दाखवत म्हणाला, "साहेब, हे कसं, वाचलं की कळतं. तुमचं ते फार अवघड होतं." लिफ्टच्या दाराच्या फटीत पुठ्ठ्याचा एक जाड तुकडा अडकला होता. तो चिमट्यानं काढायला त्याला दोन मिनिटं लागली. तीन दिवस आम्ही सगळे त्या पुठ्ठ्यासाठी जिना चढत होतो.

शनिवारी अकराला प्लास्टर निघालं. आतला पाय बारीक, पांढरा झालेला. सासूबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग त्यांनी तो दोन्ही हातांनी, पोटभर, मनसोक्त खाजवला. हाडांच्या डॉक्टरांनी काठी दिली. दवाखान्याच्या दारात बायकोनं तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "मला माझ्या घरी सोडा." पिशवी त्यांनी खांद्याला लावूनच आणली होती. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आधी बोललो. म्हणालो, "सोडू की." त्यांच्या दाराशी आम्ही उभे राहिलो. त्यांनी स्वतः कुलूप उघडलं, स्वतः खिडक्या उघडल्या, एका पायावर जोर देत देत स्वतः चहा टाकला. बायको रडली. मग चहा पिऊन हसली.

निघताना मी हळूच म्हणालो, "आई, तेवढे प्रशासकाचे अधिकार माझ्याकडे परत..."

"रविवारच्या सभेत काय ठरतंय बघू," त्या म्हणाल्या.

रविवारच्या सभेत एकमतानं ठरलं, की इमारतीची प्रशासक पाहुणी असावी आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत असावी. वकीलबाईंनी ठराव लिहिला, डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. मला त्यांनी 'सांगणारा' केलं. आता वाईट वाटत नाही. आरामखुर्ची परत मिळाली आहे. फक्त तिच्यात बसलं की खोली जरा मोठी वाटते, आणि खिडकीकडे उगाच बघितलं जातं. बायकोही मधूनच तिकडे बघते आणि काहीतरी आवरायला निघून जाते.

बुधवारी संध्याकाळी मी असाच बसलो होतो. फोन टुणकन वाजला. नवीन तक्रार, फक्त माझ्यासाठी. मोत्यासारखं अक्षर फोनवर दिसत नाही, पण मला दिसलं: 'जावई आणि मुलगी, तीन दिवस फोन नाही. – राहिलंय.'

मी लगेच फोन लावला. तासभर बोललो, आम्ही दोघंही, आलटून पालटून. पाय कसा आहे, जिना जमतो का, शेजारीण येते का, सगळं. त्या खिडकीपासून दारापर्यंत काठीशिवाय चालल्या होत्या, दोनदा. ठेवता ठेवता मी म्हणालो, "आई, आता त्या तक्रारीपुढे 'झालंय' करून टाका."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "उद्या आहेच की."